नमुना क्रमांक ४१७ : गवती चहा

बिअर चाखायला बोलावणाऱ्या ब्रूअरीतून आलेल्या निरोपात तीनच सूचना होत्या. सकाळी अत्तर-परफ्यूम लावू नका, नाश्त्याला कांदा-लसूण खाऊ नका, आणि चव घेण्याआधी तासभर चहा-कॉफी बंद. म्हणून शनिवारी पहाटे मी उकड्या तांदळाची पेज नुसत्या मिठाबरोबर खाल्ली आणि ब्रिस्बेनहून दक्षिणेकडे निघालो. गाडी नवरा चालवत होता. तो दारूला शिवत नाही, त्यामुळे परतीची काळजी नव्हती. इथे रक्तात अल्कोहोलचं प्रमाण ०.०५ टक्क्यांवर गेलं की परवान्यावर गदा येते. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. पिशवीत तिळगुळाचा डबा घेतला, कारण ब्रूअरीच्या आधी एका वयस्कर बाईंच्या बागेत जायचं होतं आणि पहिल्यांदा कुणाकडे जाताना हात रिकामे असू नयेत, असं आमच्याकडे मानतात.

मी अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. तिथल्या एका मैत्रिणीचा भाऊ न्यू साउथ वेल्सच्या उत्तर टोकाला छोटी ब्रूअरी चालवतो. त्याने ऑस्ट्रेलियातल्या वर्षावनांतली फळं आणि पानं घालून चार-पाच बिअर केल्या होत्या आणि विक्रीला काढण्याआधी त्या आठ जणांना चाखायला द्यायच्या होत्या. सातजण तिकडचेच होते. आठवं नाव मैत्रिणीने माझं सुचवलं. "हिचं नाक वेगळ्या स्वयंपाकघरात तयार झालंय," असं तिने भावाला सांगितलं होतं.

बिअर मी क्वचितच पिते, पण आंबवलेल्या पेयाबद्दल मला परकेपणाची भावना कधीच नव्हती. माझं माहेर सावंतवाडीचं. गोवा हाकेच्या अंतरावर. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बोंडांचं पहिल्या धारेचं उर्राक घरी यायचं, बाबा त्यात लिंबू पिळून आणि चिमूटभर मीठ घालून घ्यायचे, आणि त्या दिवसांत पडवीला जो वास भरायचा तो मला आजही डोळे मिटून ओळखता येतो. झाडाची, हंगामाची आणि गावाची ओळख पटवणारं पेय म्हणजे काय, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. बाटलीतल्या पिवळ्या, बर्फासारख्या थंड बिअरमध्ये मला ते कधी सापडलं नव्हतं. म्हणून हे बोलावणं मी लगेच स्वीकारलं.

सीमा ओलांडली की मोबाइलवरचं घड्याळ एकदम तासभर पुढे जातं, कारण क्वीन्सलँड उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही आणि न्यू साउथ वेल्स करतं. डावीकडे समुद्र, उजवीकडे वोलुंबिन डोंगराचा सुळका. साधारण २.३ कोटी वर्षांपूर्वी इथे एक प्रचंड ज्वालामुखी होता, त्याच्या लाव्ह्याची झालेली ही लाल माती. बेसाल्टची माती म्हटली की मला सह्याद्री आठवतो. उन्हाळी पाऊस पडून गेला होता, रस्त्याच्या कडेचे उतार ओले लाल दिसत होते. आंबोलीच्या घाटात जून महिन्यात दिसतात, तसेच.

या भागात एकेकाळी सुमारे ७५,००० हेक्टरवर सलग वर्षावन होतं. त्याला 'बिग स्क्रब' म्हणत. आज त्याचा एक टक्कासुद्धा उरलेला नाही. आधी लाकूडतोडे आले ते 'रेड सीडर' नावाच्या झाडासाठी, मग दुभत्या गाईंच्या कुरणांसाठी उरलेलं रान साफ झालं. हा रेड सीडर म्हणजे आपल्याकडचा तूण, शास्त्रीय नावासकट तोच, तूना सिलिएटा. मला हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. उरलेसुरले तुकडे वाचले ते लोकांनी अंगावर घेतलं म्हणून. १९७९ मध्ये टेरानिया क्रीकला माणसं बुलडोझरसमोर उभी राहिली, आणि पुढे १९८६ मध्ये इथल्या वर्षावनांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बिअरच्या गोष्टीत हे कशाला, असं वाटेल. पण ग्लासांत त्या दिवशी जे होतं, त्यातलं काही या एक टक्क्यातून आलेल्या बियांचं आणि कलमांचं होतं.

बाग लहानच. बंडजलंग समाजातल्या साठी उलटलेल्या एका बाईंची. सगळे त्यांना 'आंटी' म्हणतात. इथल्या आदिवासी समाजांत वडीलधाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, 'आंटी' किंवा 'अंकल' म्हणतात, आणि त्या शब्दाला मान असतो. आपल्या 'मावशी'सारखाच. मला ते उच्चारायला अजिबात जड गेलं नाही. तिळगुळाचा डबा दिला आणि त्यामागचं वाक्य कसंबसं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी एक वडी तोंडात टाकली, दुसरी खिशात ठेवली आणि म्हणाल्या, "चला, आता माझं गोड बोलणारं झाड दाखवते."

ते झाड डेव्हिडसन प्लमचं होतं. उंच, सडपातळ, शेंड्याला लांब पानांचा झुबका. फळं कुठे दिसेनात. आंटींनी बोट खाली वळवलं तेव्हा दिसलं की खोडालाच, अगदी बुंध्यापासून, निळसर जांभळ्या फळांचे घोस लगडले आहेत. फणसासारखे. मी पटकन मराठीतच "अगं बाई, फणस!" म्हणाले. मोठ्या प्लमएवढी फळं, वर बारीक लव, ती अंगाला लागली तर खाजते म्हणून आंटींनी हातमोजे दिले. पिकलेलं फळ नुसतं वळवलं तरी हातात येतं. कापलं तर आत रक्तासारखा लाल गर आणि दोन चपट्या बिया.

मी फोड जिभेवर ठेवली. क्षणभर डोळे मिटले गेले, एवढं आंबट. त्यामागून करवंदाच्या सालीचा तुरटपणा, आणि शेवटी रातांब्याच्या ताज्या सालीत असतो तो किंचित राळेसारखा वास. मी आंटींना म्हणाले, आमच्याकडे असंच एक फळ आहे, त्याची साल मीठ लावून उन्हात वाळवतात, आमटीत घालतात. त्यांनी विचारलं, बियांचं काय करता? कोकमच्या बियांतून तूप निघतं आणि ते थंडीत भेगा पडलेल्या टाचांना लावतात, हे सांगितल्यावर त्यांनी मला तिथल्या ओंडक्यावर बसवलं आणि सगळं नीट विचारून घेतलं. मीठ किती, ऊन किती दिवस, रस पुन्हापुन्हा सालीवर ओततात म्हणजे कसा. अर्धा तास आमचं हेच चाललं होतं.

न्यू साउथ वेल्समधली डेव्हिडसन प्लमची जात रानात धोक्यात आलेली आहे. बागेतल्या लागवडीतूनच फळ बाजारात येतं. नाव आहे ते उत्तर क्वीन्सलँडमधल्या एका युरोपीय ऊस-मळेवाल्याचं. लेमन मर्टल हे इथलंच दुसरं, लिंबासारख्या वासाच्या पानांचं झाड; त्याच्या शास्त्रीय नावात जेम्स बॅकहाउस या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञाचं आडनाव आहे. आंटी हे सांगताना चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की झाड सांभाळलं एकांनी आणि पाटी लागली दुसऱ्यांची, आता निदान पैसा तरी इकडे यावा. ऑस्ट्रेलियात या रानमेव्याचा धंदा वाढतो आहे आणि त्यात आदिवासी उत्पादकांचा वाटा अजून फारच थोडा आहे. माझ्या मैत्रिणीच्या भावाने, म्हणजे आमच्या ब्रूअरने, फळांचा दर आधी विचारला आणि मग किती लिटर बिअर करायची ते ठरवलं. आंटींना त्याचं हेच आवडलं होतं.

रिबेरीचं झाड मात्र मला कुणी दाखवावं लागलं नाही. कोवळी पालवी गुलाबी, फळं छोटीशी, घाट नासपतीचा, रंग गुलाबी-लाल. एक चावलं आणि लवंग. स्पष्ट लवंग, मागे जांभळाचा कोरडेपणा. याचं कारण अगदी सरळ आहे : जांभूळ, लवंग आणि रिबेरी ही तिन्ही एकाच प्रजातीतली, सिझिजियम. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांत असं दिसलं आहे की या प्रजातीचा उगम ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीच्या बाजूला झाला आणि तिथून ती पश्चिमेकडे, आपल्याकडे पसरली. शाळेच्या वाटेवरचं जांभळाचं झाड मी इतकी वर्षं 'आपलं' म्हणत आले. त्याचे थोरले इथे उभे होते.

तिथून ब्रूअरी वीस मिनिटांवर.

एक पत्र्याची मोठी शेड. आत शिरताच भिजवलेल्या धान्याचा उबदार वास आला, मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व शिजवताना येतो तसा. बिअर कशी होते ते ब्रूअरने चालताचालता सांगितलं. मोड आणून वाळवलेली बार्ली भरडून तासभर ६५-६७ अंशांच्या पाण्यात मुरवतात, तिच्यातल्या स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्सबरोबर, म्हणजे कडूपणा देणाऱ्या फुलांबरोबर, तासभर उकळायचं, थंड करायचं, यीस्ट घालायचं, आणि मग वाट पाहायची. रानातली पानं-फळं यात कुठल्या पायरीवर घालायची, हाच सगळा खेळ. उकळताना, उकळणं थांबल्यावर, आंबताना, की ग्लासात ओतताना. पायरी बदलली की तीच पाककृती वेगळी बिअर देते.

आम्हा आठ जणांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं, एकमेकांचे चेहरे दिसू नयेत म्हणून. ग्लास सगळे सारखे, वर तीन आकडी क्रमांक, नाव काहीच नाही. बिअर फार थंड नव्हती. बर्फासारखी थंड असेल तर वास बंद पडतो आणि जीभ बधिर होते. प्रत्येकी शंभर मिलिलिटरच्या आतबाहेर. मध्ये खायला बिनमिठाची बिस्किटं आणि पाणी. आधी ग्लास हलकेच फिरवायचा, तळहाताने तोंड झाकायचं, मग हात काढून छोटे-छोटे श्वास घ्यायचे. मग घोट. वाइन चाखणारे घोट थुंकतात, बिअर मात्र गिळायची असते. कडूपणा जिभेच्या मागच्या भागात आणि घशात उलगडतो, आणि गिळल्यावर नाकात मागच्या दाराने जो वास चढतो त्यातच निम्मी चव असते.

समोर एक छापील चक्र होतं. मॉर्टन मेलगार्ड या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बिअरच्या चवींचं असं चक्र तयार केलं आणि ते जगभर वापरतात. त्यात फळं, फुलं, गवत, धान्य, साबण, गंधक असे शब्द गटागटाने लावलेले असतात. माझ्या कामात मी अशा तक्त्यांना सरावलेली आहे. तरीही पहिल्याच फेरीत मी चुकले.

ती फेरी होती 'तिघांतला वेगळा ओळखा' अशी. तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. मी चक्रावरचे शब्द डोळ्यांसमोर धरून शोधत राहिले. बेरी? गुलाब? स्ट्रॉबेरी? तिन्ही ग्लास मला सारखेच वाटले आणि शेवटी अंदाजाने ज्याच्यावर खूण केली तो चुकीचा निघाला. मन खट्टू झालं. रोज नमुने तपासणाऱ्या बाईला तीन ग्लासांतला फरक कळू नये, हे मला लागलं.

मग आला ४१७.

ग्लासावरून हात काढला आणि मी एकदम सावंतवाडीच्या मागीलदारी. विहिरीजवळ गवती चहाचं बेट होतं, पावसाळ्यात आई विळ्याने चार पाती कापायची आणि हातावर चोळून आम्हाला वास द्यायची. तोच वास. कागदावर शब्द लिहायचा होता. चक्रात 'लिंबू' होतं. पण हे लिंबू नव्हतं, लिंबाला एवढी हिरवाई नसते. मी पेन उचललं आणि देवनागरीत लिहिलं : गवती चहा.

घोट घेतला. सुरुवात सुंदर, गव्हाच्या बिअरचा मऊपणा, वर ते हिरवं. पण गिळल्यावर काहीतरी बिनसलं. कडसर, थोडं साबणासारखं, नीलगिरीच्या तेलाकडे झुकणारं. चक्रात साबण हा शब्दही होता, पण त्याने मला एवढंच कळलं असतं की हे वाईट आहे. खाली मी पुन्हा मराठीत लिहिलं : "जास्त उकळलेला."

कारण हा दोष मला माहीत होता. आमच्याकडे एकदा पाहुण्यांसाठी मोठं पातेलं चढवलं होतं आणि मी गवती चहा आधीच पाण्यात टाकून खळखळ उकळवला होता. चहा प्यायल्यावर आई म्हणाली होती, "पात शेवटाक घालूचा, आगीवरसून काढताना. आणि झाकण ठेवूचा." तेव्हा मी बारा वर्षांची असेन.

ब्रूअर कागद गोळा करायला आला आणि माझ्या ओळी पाहून थांबला. त्याला वाचून दाखवलं. मग आम्ही बराच वेळ बोललो. ४१७ मध्ये लेमन मर्टल होतं. त्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त सिट्रल असतं, लिंबासारखा वास देणारं द्रव्य. गवती चहाच्या तेलातही मुख्य घटक सिट्रलच, साधारण सत्तर-ऐंशी टक्के. लिंबाच्या सालीच्या तेलात ते अगदी थोडं असतं. नाकाने मला लिंबापासून दूर आणि विहिरीकडे नेलं होतं, ते बरोबरच होतं. मी त्याला विचारलं, पानं कधी घातली? उकळी संपायच्या पंधरा मिनिटं आधी, तो म्हणाला. उकळीत सिट्रल वाफेबरोबर उडून जातं आणि पानातलं कडवट, तेलकट ते मागे राहतं. मी त्याला आईचं वाक्य सांगितलं, मालवणीत आणि मग इंग्रजीत. त्याने ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

यानंतर मी चक्राचा कागद पालथा ठेवला. हट्टाने नव्हे. माझ्या जिभेला जी नावं माहीत आहेत ती आधी येऊ द्यावीत आणि भाषांतर नंतर करावं, असं ठरवलं. पहिली चुकलेली फेरी पुन्हा मागून घेतली. क्रमांक बदललेले, ग्लासांची जागा बदललेली. या वेळी मी 'बेरी' शोधलीच नाही. सकाळचं रिबेरीचं फळ आठवलं आणि लवंग शोधली. तिन्ही ग्लासांत लवंग सापडली! क्षणभर गोंधळले. मग लक्षात आलं की या प्रकारच्या बिअरचं यीस्टच लवंगेसारखा वास तयार करतं, फळ घाला किंवा न घाला. म्हणजे लवंगेवरून निवाडा होणार नव्हता. दुसरी खूण जांभळाची. जांभूळ खाल्ल्यावर जीभ टाळूला चिकटल्यासारखी कोरडी होते, तो 'बसका'पणा. एका ग्लासात तो होता, दोनांत नव्हता. तोच रिबेरीचा निघाला.

एकदा बरोबर येण्याने काही सिद्ध होत नाही, डोळे झाकून खूण केली तरी तीनात एकदा बरोबर येतंच. म्हणून आणखी दोन फेऱ्या घेतल्या. दोन्ही बरोबर आल्या. नुसत्या नशिबाने तिन्ही बरोबर येण्याची शक्यता सत्तावीसात एक. मला तेवढं पुरेसं होतं. पण बिअर म्हणून मी ब्रूअरला प्रामाणिकपणे सांगितलं की रिबेरी यात हरवली आहे. लवंग देणाऱ्या यीस्टमध्ये लवंगेच्या चवीचं फळ घातलं तर आंटींच्या झाडाची मेहनत कुणाला कळणार? शांत, काही न बोलणारं यीस्ट वापरून पाहा, म्हटलं. बाकीच्या सातांपैकी दोघांनी अगदी उलट मत दिलं, त्यांना ती दुहेरी लवंगच आवडली होती.

डेव्हिडसन प्लमची बिअर आली आणि टेबलावर उजेड पडल्यासारखं झालं. गडद गुलाबी, वरचा फेससुद्धा फिकट गुलाबी. ही गोझे नावाच्या जुन्या जर्मन पद्धतीची. त्यात धणे आणि मीठ घालायची रीत आहे. ती मुद्दाम आंबट करतात. हॉप्स घालण्याआधी ते गोड पाणी चाळीस अंशांच्या आसपास ठेवून त्यात दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद सोडतात, दीड-दोन दिवसांत ते पुरेसं आंबट झालं की उकळून जिवाणूंना थांबवतात आणि पुढे नेहमीसारखं यीस्ट. फळ सगळ्यात शेवटी, पहिलं आंबणं संपल्यावर. गोठवलेली फळं सुटताना त्यांची साल आणि गर आपोआप फाटतो आणि रंग-रस मोकळा होतो, म्हणून ताजी फळंही तो आधी गोठवतो.

पहिल्या घोटाला मी कोकमच्या आगळाचं सरबत प्यायले. मीठ होतं, आंबट होतं, धणे होते, फक्त जिरं नव्हतं. दुसऱ्या घोटाला फरक कळायला लागला. कोकम गिळल्यावर गोलाई येते, हे फळ शेवटपर्यंत टोकदार राहतं. करवंदाचा तुरटपणा मध्यभागी, आणि अगदी शेवटी ती राळ, सकाळी फळात भेटलेली. झाडाच्या खोडाजवळ उभी राहून खाल्लेलं फळ मला ग्लासात जसंच्या तसं ओळखता आलं. त्या दिवसातली हीच माझी सगळ्यात आवडती. ग्लास पूर्ण संपवला. विसळायला नळाखाली धरला तर तळाशी राहिलेल्या थेंबांचा गुलाबी रंग पाण्यात निळसर होत गेला. जांभळाच्या डागाचं असंच होतं. आंबटपणा असेपर्यंत तो लाल, आंबटपणा गेला की निळा.

काळी स्टाउट मला रुचली नाही. तिच्यात अ‍ॅनिसीड मर्टलची पानं होती. ताजं पान चोळलं तर थेट बडीशेप, इतकं प्रसन्न की जेवणानंतर तोंडात धरावं. भाजलेल्या काळ्या माल्टबरोबर मात्र त्याचा खोकल्याच्या काढ्यातला ज्येष्ठमध होतो. कागदावर 'ज्येष्ठमध, औषधी' लिहिलं आणि पुढे गेले.

शेवटी एक साधी पिल्सनर आली, आणि तिच्याबरोबर एका वाटीत फिंगर लाइम. करंगळीएवढं लांबट लिंबू. मधोमध कापून दाबलं की आतून रस येत नाही, वाटोळे दाणे बाहेर पडतात, शिजलेल्या साबुदाण्यासारखे चकचकीत. हिरवे, पिवळे, गुलाबी. हंगाम इथल्या शरदातला, म्हणजे मार्च ते मे, हे गेल्या वर्षीचे गोठवून ठेवलेले, पण गोठवल्याने दाण्यांचं काही बिघडत नाही. ब्रूअरने ते बिअरमध्ये शिजवलेच नव्हते. ग्लासात चमचाभर सोडले. दाणे तळाशी गेले, त्यांना बुडबुडे चिकटले की वर यायचे, बुडबुडे फुटले की पुन्हा खाली. घोटाबरोबर एखादा दाताखाली फुटायचा आणि लख्ख आंबट शिंतोडा. ही बिअर रानाच्या पदार्थापासून 'तयार केलेली' म्हणता येत नाही, असं एका चाखणाऱ्याने नोंदवलं. मला ते पटलं नाही. ज्या फळाचं सगळं वैशिष्ट्य दाणा फुटण्यात आहे, ते उकळून गाळून टाकणं म्हणजे त्याला संपवणंच. पिठलं झाल्यावर वरून कोथिंबीर भुरभुरतो ती काय पिठल्याचा भाग नसते?

नवरा एवढा वेळ बाहेरच्या बाकावर बसून होता. त्याच्या हातातही फिंगर लाइमचीच बिअर होती, बिनअल्कोहोलची. क्लिंटन शुल्ट्झ या गामिलाराय समाजातल्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या पत्नीने गोल्ड कोस्टला 'सोबा' नावाने सुरू केलेली. आदिवासी मालकीची, आणि पहिल्यापासून दारू वगळून रानातल्या चवींवर उभी केलेली. मी त्याच्यातला एक घोट घेतला. लिंबाची लकेर होती, शेवट स्वच्छ होता. रानाची चव पोचवायला अल्कोहोल लागतंच असं नाही, हे तिथे बाकावर कळलं.

निघण्याआधी ब्रूअर माझे पाचही कागद घेऊन आला. देवनागरीतले शब्द त्याला त्याच्या वहीत उतरवून हवे होते, उच्चारासकट. गवती चहा. आगळ. जांभळाचा बसकेपणा. त्याने विचारलं, 'बसका'ला इंग्रजीत काय म्हणायचं? 'तुरट'चा शब्द आहे, पण बसका म्हणजे तुरटाच्या पुढची पायरी, आवाज बसतो तशी जीभ बसते. आम्ही दोघांनी बराच प्रयत्न केला. शेवटी त्याने 'बसका' असंच रोमन अक्षरांत लिहिलं आणि पुढे कंसात जांभळाचं चित्र काढलं.

मार्चमध्ये एक खोकं घरी आलं. सहा बाटल्या, लेमन मर्टलची नवीन बिअर. बरोबरच्या चिठ्ठीत आकडे होते : वाळलेली पानं वीस लिटरला दहा ग्रॅम, आधीच्या निम्मी. आच बंद केल्यावर, द्राव ऐंशी अंशांवर उतरल्यानंतर घातली, वीस मिनिटं, झाकण लावून. 'झाकण लावून' खाली दोनदा रेघ.

त्या दिवशी संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला. बाटली उघडली, ग्लासात ओतली, फेस बसू दिला, तळहाताने तोंड झाकून वास घेतला. साबण नव्हता, नीलगिरी नव्हती. विहिरीजवळचं बेट होतं, पाऊस नुकताच थांबल्यावरचं. आईला बिअरचं फारसं कौतुक नाही. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, तिचं वाक्य ब्रूअरीपर्यंत कसं पोचलं तेही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "झाकण किती येळ ठेवल्यानी?"

"वीस मिनिटां."

"धाच पुरे," ती म्हणाली.

मी ते त्याला लगेच कळवलं. पुढचा घाणा एप्रिलमध्ये आहे.